भिंतीवर घोंगडं लावायचंय, पण भिंतच ओल धरते

सोप्यातली
१४ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न वाचून हसाल, पण आमच्या घरात तीन आठवडे याच्यावरून धुसफूस चालू आहे, म्हणून इथं विचारते.

आमचं घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. जुनं, दुमजली, खाली काळा दगड, वर वीट नि माती. पुढं सोपा, आत माजघर, मागं परसू. सोप्यात पाऊल टाकलं की पहिली नजरेत येते ती पश्चिमेची भिंत, साडेअकरा फूट लांब. सहा वर्षांपूर्वी तिचा मातीचा गिलावा काढून सिमेंटचं प्लास्टर केलं आणि वर चकचकीत रंग दिला. दोन पावसाळे झाले, तो रंग छातीच्या उंचीला फुगतोय. फुगा फोडला की आतून मिठासारखी पांढरी भुकटी पडते. एकदा खरवडून पुट्टी भरून घेतली, ती गौरी-गणपतीपर्यंत टिकली.

म्हणून ठरलं की तिथं एक मोठं वॉल हँगिंग लावायचं. भिंत सजेल आणि डागही झाकला जाईल.

इथून पुढं घरात दोन पक्ष झाले. ह्यांनी कुणाला न विचारता ऑनलाइन एक ‘टॅपेस्ट्री’ मागवली. सात फूट बाय पाच फूट, झाड, चंद्र, खाली हत्तींची रांग. मोबाइलवर बघताना वाटलं, विणकाम आहे. पुडकं उघडलं तर ओढणीपेक्षा जरा जाड कापड, पाठीमागून पांढरंफटक, आणि घड्यांच्या चौकटी इस्त्री करूनही जात नाहीत.

माझ्या मनात दुसरंच आहे. मामंजींचं घोंगडं. काळं, दोन्ही टोकांना पांढऱ्या रेघा, चार फूट रुंद नि साडेसहा फूट लांब. मधोमध उभी शिवण आहे, म्हणजे दोन पट्ट्या जोडलेल्या. वजनकाट्यावर २ किलो ६०० ग्रॅम भरलं. वडणग्याच्या रानात रात्रीची लाइट आली की मामंजी उसाला पाणी पाजायला निघायचे, तेव्हा ते त्यांच्या खांद्यावर असायचं. मामंजींना जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून घोंगडं ट्रंकेत. मे महिन्यात ऊन द्यायला काढलं आणि परत आणून बाकड्याच्या पाठीवर टाकलं, तर सोपाच वेगळा दिसायला लागला. काळ्यातच काही धागे चॉकलेटी, काही राखाडी. मी शाळेत चित्रकलेचे तास घेते, त्यामुळं कदाचित मलाच जास्त दिसलं असेल.

सासूबाईंचं म्हणणं, घोंगडं अंगावर घ्यायचं असतंय, भिंतीला नेसवायचं नसतंय. ह्यांचं म्हणणं, पाहुणे काय म्हणतील. (हत्ती बघून पाहुणे काय म्हणतील ते मला माहीत आहे.)

तर सांगा. घोंगड्याला खिळे न मारता ते भिंतीवर कसं लावायचं? उभं की आडवं? आणि त्या फुगलेल्या भागावर लावलं तर चालेल ना? ह्यांनी काल टोमणा मारलाच, तुझं हे काम म्हणजे भिजत घोंगडं. पाऊस तोंडावर आहे, खरंच भिजायच्या आत उत्तर द्या.

रंकाळ्याचा_वारा
१५ जून, सकाळी ८.०५

ताई, एवढा विचार कशाला? डबल साइड टेप लावा, विषय संपला. आमच्या फ्लॅटमध्ये पाच फुटी वॉल हँगिंग आठ टेपांवर उभं आहे, वर्ष व्हायला आलं. घोंगड्याचं मात्र मला काही झेपलं नाही. हत्ती लावा.

सध्या_पुण्यात
१५ जून, दुपारी १.३०

मी मूळची राजारामपुरीची, सध्या पुण्यात कापडाचं डिझाइन शिकतेय. ताई, तुमच्याकडं आलंय ती टॅपेस्ट्री नाहीच, छापील कापड आहे. टॅपेस्ट्रीत चित्र विणतानाच तयार होतं. उभे धागे ताणून ठेवायचे आणि प्रत्येक रंगाचा आडवा धागा त्या रंगाच्या जागेपुरताच नेऊन परत फिरवायचा. आपल्या माणसाला हे परदेशी वाटतं, पण पैठणीचा पदर याच पद्धतीनं विणतात. म्हणून हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून बघितला तरी मोर मोरच दिसतो. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात १६६२ पासून राजवाड्यांसाठी असे पट विणले गेले. गंमत म्हणजे फ्रान्समधली जी जगप्रसिद्ध बायो टॅपेस्ट्री, जवळजवळ सत्तर मीटर लांबीची, ती विणलेली नाहीच. जवसाच्या धाग्याच्या कापडावर लोकरीनं केलेलं भरतकाम आहे ते. तेव्हा नावावर जाऊ नका, विकत घेताना आधी उलटून बघा. पाठ पांढरी म्हणजे छपाई. पाठीवर सगळ्या रंगांचे धागे लांब लांब पळताना दिसले तर बहुतेक जॅकार्डचं यंत्रकाम, तेही वाईट नसतं. दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसल्या तर हातानं विणलेलं असण्याची शक्यता जास्त.

सूत कसलं आहे ते कळत नसेल तर कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळून बघा. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, सुताला कागदाचा, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. घरात करायचं तर सिंकमध्ये करा. मी हॉस्टेलवर करताना उशीचा अभ्रा घालवलाय.

आता उभं की आडवं. युरोपातले जुने पट मागावर आडवे पाडून विणायचे. त्यामुळं भिंतीवर टांगल्यावर ताण्याचे, म्हणजे मागावर ताणलेले मजबूत धागे आडवे राहतात आणि सगळं वजन बाण्यावर, म्हणजे त्यांच्यातून विणलेल्या धाग्यांवर येतं. म्हणून संग्रहालयात त्यांना मागून अस्तर देऊन आधार द्यावा लागतो. तुम्हाला ती भानगड कशाला हवी? घोंगड्याचा ताणा लांबीत आहे, उभं लावा. शिवाय मधली शिवण तुम्ही सांगितलीत. आडवं टांगलं तर खालची अख्खी पट्टी त्या शिवणीच्या दोऱ्यावर लोंबकळणार.

पडदेवाले
१५ जून, रात्री ११.१५

ताई, शाहूपुरीत माझं पडदे आणि सोफा कव्हरचं काम, एकतीस वर्षं झाली. वरच्या ताईंनी कापडाचं सांगितलं ते बरोबर आहे. मी भिंतीचं सांगतो, कारण तुमचं खरं दुखणं तिथं आहे.

ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा. भिंतीतनं पाणी बाहेर येतं, वाळतं आणि येताना आणलेलं मीठ तिथंच ठेवून जातं. तुमच्या भिंतीला आधी मातीचा गिलावा होता, तो ओल घ्यायचा आणि सोडायचा. आता वर सिमेंट, त्याच्यावर चकचकीत रंग. पाण्याला बाहेर यायला वाट न्हाई, म्हणून ते रंगालाच ढकलून फुगे काढतंय. त्याच्यावर घोंगडं लावलं की भिंतीला वारा लागायचा उरलासुरला रस्ताही बंद. लोकर हवेतली ओल लई पिते. हाताला कोरडी लागते आणि आत भिजलेली असते. दसऱ्याला उतरवाल तेव्हा मागं काळी बुरशी आणि ट्रंकेपेक्षा वाईट वास. हे पुस्तकातलं न्हाई. २०१९ च्या पुरानंतर कुंभार गल्लीकडल्या एका गिऱ्हाइकाच्या भिंती वरनं वाळलेल्या दिसत होत्या. त्यांना घाई, मलाही धंद्याची घाई. जाड पडदे भिंतीला चिकटून लावून दिले. दिवाळीत धुवायला उतरवले तर अस्तर हातात तुकड्या-तुकड्यानं आलं. पैसे परत दिले मी.

आधी एक करा. भिंतीवर फूटभर चौरस प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. कागदाच्या आतनं थेंब धरले तर पाणी भिंतीतनं येतंय. बाहेरनं धरले तर खोलीतल्या दमट हवेचं आहे, खिडकी उघडली की भागतं. हे सोप्याच्या चारी भिंतींना करून बघा. आणि त्या पश्चिमेच्या भिंतीपलीकडं काय आहे? न्हाणी? मोरी? शेजारचं घर? ते लिवा.

आता टांगायचं. चार कोपऱ्यांना चार खिळे न्हाई तर चिमटे लावले की मधलं कापड पोट सोडतं आणि कोपरे ताणून लांब होतात. वजन सगळ्या रुंदीवर सारखं पडलं पायजे, म्हणून नेफा. परकराला असतो तसाच, फक्त मागच्या बाजूला. मांजरपाट घ्या. कोरा मांजरपाट आटतो, म्हणून आधी गरम पाण्यातनं काढून वाळवा. चार बोटं रुंदीची नळी शिवा, घोंगड्याच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडनं एकेक इंच कमी, म्हणजे समोरनं दिसणार न्हाई. घोंगड्याच्या वरच्या काठापासनं अर्धा इंच खाली ठेवा. आणि हे लक्षात ठेवा, नळीच्या मागच्या बाजूला थोडा सैलपणा पायजे. दांडी आत घालूनच टाचण्या लावा. नळी सपाट शिवली तर दांडीचा गोलवा पुढं येतो आणि घोंगड्याच्या कपाळावर आडवं टेंगूळ दिसतं. मशीनवर शिवू नका. हातानं, सुती दोऱ्यानं, तिरपा टाका, आणि टाका नुसत्या लवेत नको, विणीचे दोन-तीन धागे धरून घ्या. दाभण वापरू नका, ते भोक पाडतं. गोधडीची सुई पुरे.

वेल्क्रोही चालतो. मऊ बाजू कापडावर शिवायची, काट्याची बाजू लाकडी पट्टीवर ठोकायची. सपाट बसतं, पण तुम्हाला महिन्या-दोन महिन्यांनी उतरवून झटकायचं असणार. घोंगड्याची लव काट्यात अडकली की तुम्ही मला शिव्या देणार. नेफाच करा.

दांडीला ब्रॅकेट लावायचं तर मातीच्या भिंतीत ड्रिल मारून प्लास्टिकची गिट्टी ठोकू नका. गिट्टी जागेवर फिरत राहते, भोक मोठं होत जातं. जुने मेस्त्री सागवानी गुटका बसवायचे, आतल्या बाजूला रुंद, तोंडाकडं निमुळता, भोवती चुना आणि दगडाच्या चिपा. ओढला तर अडकतो, निघत न्हाई. वाळला की त्यात स्क्रू. पण माझं ऐकाल तर भोकच पाडू नका. पेठेतलं जुनं घर आहे, माजघराकडच्या भिंतीला खुंट्या असणारच. पटका, छत्री, घोंगडं टांगायला पूर्वी ओळीनं खुंट्या असायच्या. रंगाखाली गडप झाल्या असतील, हात फिरवून बघा. खुंटीवर दांडी ठेवली की कापड आपोआप भिंतीपासनं चार बोटं लांब राहतं. मागनं वारा खेळतो.

छापील कापडाला मात्र वर दांडी आणि खालीही एक हलकी दांडी घाला, त्याशिवाय ते पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत बसतं. नाटकाच्या पडद्याला खाली बांबू असतो, तसं. आपल्या बाबूराव पेंटरांनी आणि आनंदरावांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, त्या पडद्यांचा गाव हा. पडदा टांगायचं ज्ञान इथं बाहेरनं आणायला लागत न्हाई. घोंगड्याला खाली वजन देऊ नका, त्याला स्वतःचंच पुष्कळ आहे.

कोडोलीकर
१६ जून, सकाळी ६.५०

मी पट्टणकोडोलीचा. आमच्याकडं विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळतात तेव्हा माणसं, वाटा आणि घोंगडी सगळी पिवळी होतात. त्यामुळं घोंगड्याबद्दल थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

वैनी, चार वर्षं ट्रंकेत होतं म्हणालात, तर आधी कसर बघा. अंधार, बंद जागा, कुणी हात लावत न्हाई, तिला हेच पायजे असतं. शिवणीपाशी आणि टोकांच्या गोंड्यांत बघा. बारीक जाळी, वाळूसारखे कण, कुठं लव खरडल्यासारखी दिसली तर अळी आहे. वेखंड, कडुनिंबाचा पाला ठेवतात. त्यानं वास येतो, आत शिरलेली अळी मरत न्हाई. थंडीनं मरते. घोंगडं प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, हवा दाबून काढायची, तोंड बांधून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण दिवस तशीच राहू दे, म्हणजे पाणी सुटेल ते पिशवीच्या बाहेर सुटेल. घरच्या फ्रीजमध्ये मावणार न्हाई. मी ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याकडं ठेवलं होतं. त्याच्या पोरानं बकरं कापून ठेवलंय म्हणून गल्लीत सांगितलं, तेवढा त्रास झाला.

धुवायच्या भानगडीत पडू नका. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की लोकर आटते नि पुठ्ठ्यासारखी होते. मागाच्या वेळी ताण्याला चिंचोक्याची खळ लावलेली असते, ती अजून कुठं कुठं असेल, ओली झाली की चिकट होऊन वास मारते. झटका, मऊ ब्रशनं लवेच्या दिशेनं झाडा. व्हॅक्यूम असेल तर नळीच्या तोंडाला जुना पायमोजा बांधून हलक्या ओढीवर.

ऊन तासभर बास. रोज थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका. हा काळा रंग मेंढीचा आहे, रंगवलेला न्हाई, पण उन्हानं तोही तांबूस पडतो.

पाहुणे काय म्हणतील ते सोडा. आमच्यात घोंगडं अंथरल्याशिवाय देवाचं काम सुरू होत न्हाई.

सोप्यातली
५ जुलै, रात्री ९.५५

सगळ्यांचे आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. उशीर झाला, कारण सांगितलेलं सगळं करून बघत होते.

प्लास्टिकचा कागद चारी भिंतींना लावला. पश्चिमेच्या भिंतीवर तिसऱ्या दिवशी आतून थेंबांची रांगोळी. माजघराकडची भिंत अगदी कोरडी. आणि पडदेवाले काका, तुमचा प्रश्न वाचून मी छतावर जाऊन पलीकडं वाकून बघितलं. इतकी वर्षं त्या बाजूला शेजारचं घर चिकटून होतं. ते पाडलं त्याला तीन वर्षं झाली. नवीन बिल्डिंग होणार होती, ती जोत्यावरच अडकलीय. आमच्या भिंतीची ती बाजू पहिल्यापासून कधी उघडी नव्हतीच, तिला गिलावासुद्धा नाही. नुसत्या विटा आणि माती, आणि गगनबावड्याकडून येणारी झड सरळ तिच्यावर. मी दोन वर्षं आतून पुट्टी भरत बसले होते. ह्यांना वर नेऊन दाखवलं. पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, पत्रे मारायला पायजेत.

खुंट्या सापडल्या! माजघराकडच्या भिंतीला चार, सात फूट दोन इंचांवर, ओळीनं. एकीवर कॅलेंडर आहे, जन्मभर. तिला मी खिळाच समजत होते. दोन रंगात बुडालेल्या. चौथीवरून इलेक्ट्रिशियननं वायर नेलीय.

घोंगड्याच्या मापाचे पुढारीचे कागद जोडून तिथं चिकटवून बघितले, ही माझ्या वर्गातली युक्ती. बरं झालं. पहिल्या आणि तिसऱ्या खुंटीवर धरलं तर दिव्याची बटणं झाकत होती, अंधारात घोंगड्यामागं हात घालून चाचपत बसायला लागलं असतं. आता कॅलेंडर हलवून दुसऱ्या आणि चौथ्या खुंटीवर दांडी ठेवायची, वायर जरा वर सरकवून घेतली.

कसर होती. शिवणीपाशी, दोन ठिकाणी, मुगाच्या दाण्याएवढी. घोंगडं सध्या एका ओळखीच्या बेकरीच्या फ्रीजरमध्ये आहे.

राहिलं एकच. सासूबाई. भिंतीचं त्यांना पटलंय असं दिसतं, पण “माझ्या माणसाच्या घोंगड्याला कुणी सुई लावायची न्हाई” यावर अडून आहेत. दुकानात शिवायला टाकू म्हटलं तर जेवल्या नाहीत. दांडीवरून नुसतं दुहेरी टाकलं तर चालेल का?

पडदेवाले
६ जुलै, सकाळी १०.२०

चालेल, पण मग निम्मंच दिसणार, आणि दांडीवर एकाच जागी घडी पडून तिथं धागा झिजणार. महिन्याला घडी सरकवत बसायला लागेल.

आजींचं वय काय? गोधड्या-वाकळा शिवल्यात का त्यांनी? शिवल्या असतील तर सुई त्यांच्याच हातात द्या. मांजरपाट, दोरा आणा, समोर ठेवा आणि तुम्ही शाळेला जा. टाका उसवला की घोंगडं होतं तसं होतंय, एवढं फक्त सांगा.

रंकाळ्याचा_वारा
११ जुलै, पहाटे ३.४०

कबूल करतो. आत्ता दहा मिनिटांपूर्वी आमचं वॉल हँगिंग पडलं. आवाज ऐकून बायकोला वाटलं चोर. आठही टेप कापडाला व्यवस्थित चिकटलेत आणि प्रत्येक टेपेला हातभर पुट्टी. भिंतीवर आठ खड्डे. पडदेवाले, फ्लॅटच्या भिंतीला काय करायचं?

पडदेवाले
११ जुलै, सकाळी ९.३०

टेप पुट्टीला चिकटतो, भिंतीला न्हाई, आणि पावसाळ्यात पुट्टी मऊ पडते. विटेची पक्की भिंत असेल तर ड्रिल, ८ मिलिमीटरची गिट्टी, दोन ब्रॅकेट. पाच फुटांच्या वर दांडी असेल तर मधे तिसरं, आणि त्या जागी नेफ्याला खाच ठेवायची. नवीन बिल्डिंगांत हलके पांढरे ब्लॉक असतात, त्याला वेगळी गिट्टी मिळते, दुकानात तसं सांगून मागा. आधी ठोकून बघा, आवाज पोकळ आला तर थांबा. सोफ्याच्या वर लावत असाल तर सोफ्याच्या पाठीपासून वीतभर वर, आणि रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांश तरी पायजे, न्हाई तर टपाल तिकीट चिकटवल्यासारखं दिसतं.

सोप्यातली
७ डिसेंबर, रात्री ८.१५

धागा वर काढतेय, कारण पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं.

सासूबाईंनी नेफा शिवला. वय अठ्ठ्याहत्तर, दोन दुपारी लागल्या. मी सांगितलेला तिरपा टाका त्यांनी बघितला, “हे कुणाचं काम” म्हणाल्या आणि वाकळेचा धावदोरा चार ओळींत घातला. इतका सरळ की मी पट्टी लावून बघितली. मागच्या सैलपणाचं सांगायच्या आत त्यांनी दांडी मागवून घेतली होती. काका, तुमची ती सूचना वाया गेली.

जुलैच्या शेवटी घोंगडं लागलं. बेकरीतून आल्यावर महिनाभर त्याला खारीचा वास होता. खुंट्यांमुळं ते भिंतीपासून अंतरावर आहे, आणि संध्याकाळी परसदाराकडून वारा आला की खालची पांढरी रेघ जरा हलते. सोप्यात बोललेलं पूर्वी घुमायचं, तेही कमी झालं. हे कुणी सांगितलं नव्हतं. पाहुण्यांपैकी पहिले आले ते ह्यांचे साहेब. ते घोंगड्यासमोर उभं राहून वीस मिनिटं स्वतःच्या आजोबांबद्दल बोलले, चहा गार झाला. त्या दिवसापासून “आम्ही लावलं” अशी भाषा सुरू झालीय.

पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पत्रे मारले. दिवाळीनंतर आतलं सिमेंट छातीपर्यंत फोडून काढलं. मेस्त्रीनं चुन्याचा गिलावा करायचं कबूल केलंय, पण आधी भिंत वाळू दे म्हणाला. सध्या ती उघडी-बोडकी आहे आणि पाहुणे तिच्याकडं बघत नाहीत. हत्ती परत करायची मुदत गेली होती, ते वर मुलाच्या खोलीत आहेत, खाली दांडी घालून. त्याला आवडलेत.

आता नवीन अडचण. गेल्या आठवड्यात थंडी वाढली. परवा सकाळी उठून सोप्यात आले तर खुंट्यांवर नुसती दांडी. सासूबाई बाकड्यावर घोंगडं पांघरून बसलेल्या, नेफा पायाकडं. म्हणाल्या, गळ्याशी घेतला तर टोचतंय. होळीपर्यंत काही ते परत भिंतीवर जात नाही.

तर तीन महिने रिकाम्या दांडीवर काय लावू? वाकळ मिळणार नाही, हे आधीच सांगण्यात आलंय.